सातबारा जिवंत झाला, पण वारस कोण?

आजोबांची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात एक कागद फिरला. टाइप केलेला स्टॅम्प पेपर होता. दोन आत्यांनी त्यावर सह्या केल्या, थोरल्या आत्याने अंगठा दिला. कागदात काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आजी एवढंच म्हणाली, "पोरींना लग्नात देऊन टाकलं न जी, आता त्यांची नावं कशाला लटकवून ठेवायची?" मी तेव्हा अकरावीत होते. चहा देत होते.

आज मी पीएच.डी. करतेय ती एका अर्थाने त्याच कागदाच्या मागे लागून. माझा विषय साध्या भाषेत सांगायचा तर असा: गोंदिया जिल्ह्यात माणूस गेल्यावर त्याची जमीन कुणाकडे जाते, हे नेमकं कुठे आणि कसं ठरतं? कायद्याची पुस्तकं वाचली की वाटतं, कोर्टात ठरत असेल. गावात बसलं की कळतं, बहुतेक वेळा ते पटवाऱ्याच्या टेबलावर ठरतं. (तलाठ्याचं कागदोपत्री नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण आपल्याकडे अजूनही पटवारीच म्हणतात. मीही तेच म्हणणार.)

हा विषय आत्ताच घ्यायचं कारण म्हणजे 'जिवंत सातबारा' मोहीम. एप्रिल २०२५ पासून महसूल विभागाने ती राज्यभर सुरू केली. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं तशीच राहतात, ती काढून वारसांची नावं लावायची, असा तिचा हेतू. मोहीम चांगलीच आहे. सातबारा आपल्या नावावर नसेल तर सोसायटीचं कर्ज अडतं, धान खरेदी केंद्रावर नोंदणी अडते. पण मोहिमेत घाई असते आणि घाईत एक प्रश्न मागे पडतो: वारस म्हणजे नेमके कोण?

प्रोबेट: मुंबईची गोष्ट, गोंदियाची नाही

मी वारसा कायद्यावर काम करते असं सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "मृत्युपत्राचं प्रोबेट करावं लागते का?"

आधी प्रोबेट म्हणजे काय ते बघू. मृत्युपत्र खरं आहे, कायद्याप्रमाणे झालंय, असं कोर्टाने तपासून शिक्का मारून देणं म्हणजे प्रोबेट. टीव्ही मालिका आणि इंटरनेटवरचे लेख यांमुळे लोकांना वाटतं की त्याशिवाय मृत्युपत्राला किंमतच नाही. गोंदियात तसं कधीच नव्हतं.

याचं कारण इतिहासात आहे. इंग्रजांनी १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी कायदा केला तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या प्रदेशासाठी आणि मद्रास व मुंबई या शहरांसाठी. पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात (कलम ५७ आणि २१३) तीच सीमारेषा कायम राहिली. आपला भाग त्या रेषेच्या बाहेर. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि भंडारा जिल्हा त्यात गेला. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे गोंदियात केलेलं आणि गोंदियातल्या जमिनीबद्दलचं मृत्युपत्र असेल, तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. मुंबईत फ्लॅट असेल तर मात्र त्या फ्लॅटपुरती होती.

आता तर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च कायद्यातून काढून टाकलंय. त्यामुळे सक्तीचा मुद्दा मुंबईतही संपला. कुणाला हवं असेल तर जिल्हा न्यायालयातून प्रोबेट आजही घेता येतं. पण ते 'हवं असेल तर'.

ऐकायला हे सोपं वाटतं. कोर्टाचा खर्च नाही, फेऱ्या नाहीत. पण याची दुसरी बाजू बघा. सक्ती नाही म्हणजे मृत्युपत्र आपोआप कुणी तपासतही नाही. मग तपासतं कोण?

पंधरा दिवसांची खिडकी

सांगते. माणूस गेल्यावर वारस पटवाऱ्याकडे अर्ज करतात. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. पटवारी चौकशी करतो, वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये म्हणजे वारस नोंदवहीत होते आणि मग फेरफार लिहिला जातो.

कलम १५० सांगतं की फेरफार लिहिला की त्याची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. नोटिशीनंतर हरकतीसाठी साधारण पंधरा दिवस असतात. कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत (गाव नमुना ६-अ) जातं, दोन्ही बाजूंची सुनावणी होते. तो निकाल पटला नाही तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

म्हणजे मुंबईत जे काम प्रोबेट कोर्ट करत होतं, ते आपल्याकडे व्यवहारात या पंधरा दिवसांवर सोडलेलं आहे. मृत्युपत्र खरं की खोटं, बाबांना तेव्हा शुद्ध होती की नव्हती, हे कुणी *विचारलं* तरच पुढे तपासलं जातं. आणि विचारणार कोण? जिचं नाव गळतंय ती बहीण बहुतेक वेळा लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात, कधी बालाघाटला तर कधी राजनांदगावला असते. चावडीवरचा कागद तिला दिसणार कसा? तिच्या पत्त्यावर नोटीस जायला हवी, पण पत्ता देणारा भाऊच असतो.

मी असं म्हणत नाहीये की सगळे भाऊ फसवतात. मी बोलले त्यातल्या बऱ्याच घरांत फसवणुकीचा विचारही नव्हता. सातबाऱ्यावर सहा नावं असली की प्रत्येक कर्जाला सहा सह्या लागतात, एक जण पुण्याला, एक जण सासरी. "रोवणीच्या टायमाला कुठं सह्या मागत फिरू?" हा प्रश्न खरा आहे. पण अडचण खरी असली म्हणून हक्क संपत नाही.

सातबारा म्हणजे मालकी नाही

हा मुद्दा मी दरवेळी सांगते आणि दरवेळी लोकांना धक्का बसतो. फेरफार आणि सातबारा हे सारावसुलीसाठी ठेवलेले सरकारी दप्तर आहेत. त्यातली नोंद बरोबर आहे असं कायदा *गृहीत* धरतो (कलम १५७), पण ती चुकीची आहे हे सिद्ध करता येतं. नाव लागलं म्हणून माणूस मालक होत नाही आणि नाव गळलं म्हणून हक्क जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलंय. ६ सप्टेंबर २०२१ चा जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश सरकार हा निकाल आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. त्यात एकाने १९९८ च्या मृत्युपत्राच्या जोरावर आपलं नाव लावून मागितलं होतं. कोर्ट म्हणालं, मृत्युपत्रावरून वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून आणा. महसुली नोंद फक्त महसुलापुरती.

दिवाणी न्यायालयात गेल्यावर मात्र मृत्युपत्राची खरी परीक्षा होते. कायद्याला हवं ते फार नाही: करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलंय किंवा त्याने सही आपलीच असल्याचं त्यांना सांगितलंय. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. पण सिद्ध करताना, साक्षीदार हयात असेल आणि येऊ शकत असेल, तर निदान एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. आणि संशयाला जागा असेल तर तो दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात १९५८ मध्ये घालून दिलेला हा नियम आजही चालतो. संशय कशाने येतो? सही थरथरलेली किंवा वेगळीच दिसते. ज्याला सगळं मिळालं त्यानेच मृत्युपत्र लिहून घेतलंय. बायकोला, मुलींना वगळलंय पण का ते एका शब्दाने लिहिलेलं नाही. यातली एखादी गोष्ट असली म्हणजे मृत्युपत्र खोटंच असं नाही, पण मग उत्तर द्यावं लागतं.

पाच एकराचं गणित

आता उदाहरण घेऊ. समजा, धानाची पाच एकर जमीन आहे. वडील गेले. मागे आई, दोन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण.

*पहिली स्थिती: जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही.* हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे चौघांना सारखं. प्रत्येकी सव्वा एकर. बहिणीचं लग्न झालंय की नाही याचा काही संबंध नाही. आणि हा हक्क २००५ मध्ये आलेला नाही, १९५६ पासूनच आहे.

*दुसरी स्थिती: जमीन वडिलोपार्जित, मृत्युपत्र नाही.* इथे कायदा एक कल्पना करतो: वडील गेले त्याच्या क्षणभर आधी वाटणी झाली असं समजा. वडील, आई, दोन मुलं, एक मुलगी, म्हणजे पाच हिस्से, प्रत्येकी एक एकर. (त्या कल्पित वाटणीतला आईचा हिस्सा खरा धरायचा हे १९७८ च्या गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई निकालाने ठरलं.) मग वडिलांचा एक एकर चौघांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी पाव एकर. पुन्हा सव्वा एकरच.

मग फरक कुठे पडतो? मृत्युपत्र असेल तेव्हा. समजा वडिलांनी लिहिलं, "सगळी जमीन धाकट्याला."

जमीन स्वतः घेतलेली असेल तर पाचही एकर धाकट्याला जातात. मृत्युपत्र सिद्ध झालं तर बाकीच्यांना काही नाही. पण जमीन वडिलोपार्जित असेल तर वडील फक्त आपल्या एका एकराचं मृत्युपत्र करू शकतात. धाकट्याला दोन एकर आणि आई, थोरला, बहीण यांना प्रत्येकी एक. एका शब्दाने, 'वडिलोपार्जित' या शब्दाने, बहिणीचा वाटा शून्यावरून एक एकर होतो.

म्हणून हा शब्द जपून वापरा. आजोबांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित, असं आपण सहज म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील, तर ती वडिलांकडे कलम ८ ने आली. ती वडिलांची स्वतःची धरली जाते (चंदर सेन निकाल, १९८६). त्यामुळे जमीन आजोबांच्या नावावर कशी आणि कोणत्या साली आली, हे जुन्या फेरफारातून शोधणं वकिलाकडे जाण्याआधीचं पहिलं काम. आपल्याकडे हे थोडं किचकट आहे, कारण १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. जुन्या कागदांत भूमिस्वामी, भूमिधारी असे शब्द सापडतील. घाबरू नका, फक्त साल आणि कारण टिपून घ्या.

मुलींच्या जन्मसिद्ध हक्काबद्दल एक गैरसमज अजून फिरतोय: "वडील २००५ च्या आधी गेले, म्हणून मुलीला काही नाही." ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो मोडला. मुलीचा हक्क जन्माने येतो. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती उघडता येत नाही. "आमची तोंडी वाटणी झाली होती" एवढ्यावर कोर्ट सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

देवरी-सालेकसातला वेगळा प्रश्न

आणि एक मोठा समाज वरच्या गणितात बसतच नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २(२) म्हणतं की केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड, हलबा कुटुंबांत वारसा चालतो तो रूढीने. आणि "आमच्या रूढीत मुलीला जमीन नाही" हे वाक्य इतक्या वेळा बोललं जातं की त्याला पुरावा कुणी मागतच नाही.

१७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो मागितला. रामचरण विरुद्ध सुखराम हे प्रकरण शेजारच्या छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाचं. आईच्या वडिलांच्या जमिनीत आईचा वाटा तिच्या मुलांनी मागितला होता. खालची दोन्ही न्यायालयं आणि उच्च न्यायालय, तिन्हीकडे ते हरले. कारण काय, तर मुलीला वाटा मिळतो अशी रूढी त्यांना दाखवता आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच फिरवला: मुलीला वाटा मिळत *नाही* अशी रूढी तरी कुणी सिद्ध केली का? तीही कुणी केली नव्हती. मग रूढीची जागा रिकामी असेल तर न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक यांनी ती भरायची, असं सांगणारा १८७५ चा मध्य प्रांत कायदा न्यायालयाने पुढे काढला. राज्यघटनेतल्या समानतेचा आधार घेतला आणि आईला समान वाटा दिला.

भंडारा जिल्हाही त्याच मध्य प्रांतात होता. म्हणून हा निकाल वाचताना मला तो परका वाटला नाही. मात्र एक लक्षात ठेवा: न्यायालयाने हिंदू उत्तराधिकार कायदा आदिवासींना लागू केलेला नाही. रूढी सिद्ध झाली तर ती अजूनही चालते, पण ती सिद्ध करावी लागते. नुसतं "आमच्यात असंच असते" पुरत नाही.

थोडं बँकेबद्दल

जमिनीइतकाच गोंधळ नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने किंवा कंपनीने पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढंच त्यातून ठरतं. हे 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या प्रकरणात गाजलं. त्यांचं २०१३ मध्ये निधन झालं, आणि शेअर्सचा नॉमिनी मालक होतो का हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला उत्तर आलं: नाही होत. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. नॉमिनी नसेल आणि बँक अडून बसली तर कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते फक्त ठेवी, शेअर्स, येणी यांसाठी; जमिनीला ते चालत नाही.

आत्यांच्या कागदाचं काय झालं?

संशोधन सुरू केल्यावर मी तो कागद घरातल्या पेटीतून काढून वाचला. ते साधं प्रतिज्ञापत्र होतं: "आम्हाला हिस्सा नको." स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर *नोंदणीकृत* हक्कसोड पत्र लागतं. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मुळे साध्या स्टॅम्प पेपरवरचा कागद त्यासाठी पुरत नाही. म्हणजे सातबाऱ्यावरून आत्यांची नावं गेली, पण त्यांचा हक्क गेला असं म्हणता येत नाही. आणि याचा दुसरा अर्थ बाबा आणि काका यांच्यासाठी: इतकी वर्षं जी जमीन आपलीच समजून कसली, तिच्यावर उद्या प्रश्न येऊ शकतो. कच्चा कागद बहिणीलाही वाईट आणि भावालाही.

हे मी थोरल्या आत्याला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले वावर नाही पायजे बापा. पण एकडाव इचारलं तं पायजे होतं." आमच्या घरात आता ही चर्चा सुरू आहे. सोपी नाहीये. काका माझ्याशी सध्या मोजकंच बोलतात.

तुमच्या घरात वारस नोंद व्हायची असेल किंवा नुकतीच झाली असेल, तर एवढं करा:

- फेरफाराची प्रत काढा आणि वंशावळीत *सगळी* नावं आहेत का बघा. आई, बहिणी, आधी वारलेल्या भावाची किंवा बहिणीची मुलं.
- बहिणींचे खरे पत्ते द्या. नोटीस मिळाल्याचा कागद राहिला तर पुढे भावांचंच भलं होतं.
- नाव गळलेलं दिसलं तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत गेली असेल तर अपील आणि दिवाणी दावा हे मार्ग आहेत, पण जितका उशीर तितकं अवघड.
- हक्क सोडायचाच असेल तर वाचून, समजून, नोंदणी करून सोडा.
- मृत्युपत्र करत असाल तर नोंदणी करा, कुणाला का वगळलं ते लिहा, आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण व ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो.

हा लेख म्हणजे कायदेशीर सल्ला नाही. प्रत्येक घराचे कागद वेगळे असतात आणि एका तारखेने उत्तर बदलतं. पुढच्या लेखात जुना फेरफार कसा वाचायचा ते एका नमुन्यावरून दाखवणार आहे. तोवर आपल्या घरातली पेटी उघडून ठेवा.